आयत्या वेळचे विषय

मार्चचा शेवटचा शनिवार. कसबा बावड्यात
दवाखान्याच्या माडीवर संघटनेची वार्षिक सभा.
पंखा तीन नंबरच्या पुढं जात नाही.
सचिव म्हणून माझं हे सलग सहावं वर्ष;
'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'
मी एका दमात उरकते.
सूचक मगदूम, अनुमोदक शिकलगार.
ऐकत कुणीच नाही.

मग अहवाल.
दोन निवेदनं, एक स्मरणपत्र,
त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
शाहूवाडीकडचा लशीचा फ्रीज अजून कार्यवाहीत.
शिरोळात ऊसतोडीच्या फडावर
एकशे बारा पोरांना डोस दिले, असं मी वाचते.
कोयता बाजूला ठेवून एकीनं विचारलं होतं,
बाई, परत कधी येणार?
म्हटलं, पुढच्या महिन्यात.
ती हसली. पुढच्या महिन्यात आम्ही कुठं!
हे वाचत नाही. रकाना नाही त्याला.

खजिनदार निर्मळे शिल्लक सांगतात:
एक हजार आठशे चौतीस,
त्यातले तीनशे हाराचे वजा.
हार टोपकरांच्या फोटोला.
आरोग्य निरीक्षक, निवृत्तीला चार महिने बाकी होते.
महापुरात पोत्यावर पोतं टीसीएल घालून
होडीतून चिखलीला गेलेला माणूस,
येताना त्याच होडीतून कुणाची तरी शेळी घेऊन आला,
आणि प्रवास भत्त्यात होडीभाडं लिहिलं म्हणून
दोन वर्षं खुलासे देत बसला.
नवीन पोरांना परीक्षानळी धरायला शिकवायचा:
"ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की बरं समजायचं.
माणसाचे डोळे पिवळे झाले
की समजायचं, आपण उशिरा आलो.
रंग एकच हाय, भावा. बघायचं कुठं, ते शिक."

श्रद्धांजली दोन मिनिटांची.
चाळिसाव्या सेकंदाला डॉ. घेवारेंचा फोन वाजला.
कुणी रागावलं नाही.
सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले,
आता फोटोसाठी नव्हे.
गगनबावड्याच्या वाटेवरची वाडी. अकरा जण.
त्यात एक सातव्या महिन्याची.

विषय क्रमांक पाच, वेतनश्रेणीचा ठराव,
गेल्या वर्षीसारखाच राहिला.
खुर्च्या सरकल्या, गणपूर्ती जिना उतरून गेली.
भडंगाच्या पुड्या टेबलावर तशाच,
फक्त मगदूमनी तीन खिशात कोंबल्या.

वाडीत सातव्या महिन्याचीला आधी गाडीत बसवलं,
सीपीआरला धाडलं. तिची सासू
मागनं चप्पल घेऊन धावत आली.
मग आम्ही टाकीपासून नळाच्या उलट्या वाटेनं
गटार हुडकत निघालो.
सापडलं शाळेच्या मागं:
फुटका जोड, सायकलच्या ट्यूबनं आवळलेला,
वर सांडपाण्याची मऊ साय.
"ट्यूब कुणी बांधली?"
सगळी वाडी आभाळाकडं बघायला लागली.
शिकलगारनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

टाकीच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले. नळी उजेडात धरली.
पाणी पांढरं स्वच्छ, दिसायला देखणं,
असल्या पाण्याला मी भिते.
पावडर कालवली, निवळी टाकीत सोडली.
एक म्हातारी म्हणाली, वास मारतोय की गं.
मारू दे म्हटलं, आत्याबाई.

अर्धा तास थांबावं लागतं, त्याला काही इलाज नाही.
पायरीवर बसून मी वही काढली
आणि उरलेलं इतिवृत्त लिहायला घेतलं.
विषय क्रमांक सात:
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
ठराव: जोड आजच बदलावा. घरोघर डोळे बघावेत.
फ्रीजसाठी पुन्हा लिहावं.
होडीचं भाडं संघटनेनं द्यावं.
अनुमोदक म्हणून शिकलगारचं नाव घातलं,
तो चिखलात होता, विचारलं नाही.
सूचक: टोपकर.

पुढच्या मार्चला कुणी नीट ऐकलंच,
तर हरकत घेईल.
मगदूम नळी घेऊन आले.
फिकट होतं. पण होतं.